धोकादायक मालाचे घोषणापत्र (हवाई वाहतूक)

ज्वलनशील, विषारी, क्षरणकारी, किरणोत्सारी अशा वर्गांतला माल विमानाने पाठवताना पाठवणाऱ्याने स्वतःच्या सहीनिशी द्यायचे निवेदन. कार्गो व्यवसायात त्याला ‘शिपर्स डिक्लेरेशन’ किंवा नुसते ‘डीजीडी’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयकाओ) १८ व्या परिशिष्टावर ही व्यवस्था उभी आहे. रोजच्या कामात मात्र आयाटाची (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) नियमावली हाताशी लागते. ती दरवर्षी १ जानेवारीला बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीचे पुस्तक उघडून भरलेला फॉर्म परत येण्याची शक्यता बरीच.

फॉर्मच्या डाव्या-उजव्या कडांना लाल तिरक्या रेषांची किनार असते. मजकूर इंग्रजीत लागतो आणि सही केलेल्या दोन प्रती विमान कंपनीला द्याव्या लागतात. मालाचे वर्णन ठरलेल्या क्रमानेच लिहायचे: यूएन क्रमांक (संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला त्या मालाचा क्रमांक), नियमावलीतले अधिकृत नाव, वर्ग (धोक्याचा प्रकार), पॅकिंग ग्रुप (धोक्याची तीव्रता). त्यापुढे नगांची संख्या, प्रमाण आणि पॅकिंग सूचनेचा क्रमांक. व्यापारी नावाने भागत नाही. ऑइलपेंटचा डबा कोणत्याही कंपनीचा असो, तो यूएन १२६३, वर्ग ३ (ज्वलनशील द्रव). पॅकिंग ग्रुप २ चा असा रंग प्रवासी विमानात एका नगात ५ लिटरपर्यंत जातो (सूचना ३५३), फक्त मालवाहू विमानात ६० लिटरपर्यंत (सूचना ३६४). म्हणून फॉर्मवरच्या ‘प्रवासी व मालवाहू’ आणि ‘फक्त मालवाहू’ या दोन पर्यायांपैकी लागू नसलेला खोडावा लागतो.

माल घेताना विमान कंपनीचा माणूस कागद, खोके आणि लेबले तपासणी-यादीशी ताडून पाहतो. एका मुद्द्यावर जरी ‘नाही’ आले तरी माल परत. माल चढल्यावर काय, किती आणि कुठे ठेवले आहे याची लेखी सूचना, म्हणजे ‘नोटॉक’, वैमानिकाच्या हाती जाते. पण बंद खोक्यात काय आहे ते मुळात पाठवणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि पुढचा प्रत्येक जण त्याच्या कागदावर विसंबतो.

११ मे १९९६ रोजी मियामीहून अटलांटाकडे निघालेले व्हॅल्यूजेटचे विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले आणि ११० जण मेले. मालकक्षात आग लागली होती; तिथे विमानांतून काढलेले रासायनिक ऑक्सिजन जनरेटर (रसायनापासून ऑक्सिजन तयार करणारी, चालू झाल्यावर खूप तापणारी उपकरणे) होते. त्यांची मुदत संपली होती, आतले रसायन संपले नव्हते. संरक्षक टोप्याही बसवलेल्या नव्हत्या. सोबतच्या कागदावर मात्र ते ‘रिकामे’ असल्याचे लिहिले होते.

प्रत्येक धोकादायक वस्तूला हा फॉर्म लागत नाही. लस किंवा मासळी थंड ठेवण्यापुरता सुका बर्फ (यूएन १८४५) असेल तर एअर वेबिलवरची (विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवरची) नोंद पुरते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना (यूएन ३४८०) मात्र १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांत माल म्हणून एरवी बंदी आहे. भारतात या वाहतुकीवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) देखरेख असते.