वैशाखातली कमाटीबाग आणि तिच्या बहरामागची माणसं

होळीचा केसुडा, म्हणजे पळस, झडून गेला, चैत्रगौरीची हळदीकुंकवं आटोपली, की बडोद्यातल्या मराठी घरांची पावलं संध्याकाळी कमाटीबागेकडे वळतात. कागदोपत्री नाव सयाजीबाग, पण दांडिया बाजारातली आजी नातवाला ‘चल, कमाटीबागेत जाऊ’ असंच म्हणते. पारा चाळिशीपलीकडे गेला की बहाव्याचे घोस हातभर लोंबू लागतात. शेजारच्या गुजराती बेन त्याला गरमाळो म्हणतात, आणि आमच्याही जिभेवर तेच नाव रुळलंय. गुलमोहराचं पडलेलं एखादं फूल उचलून नीट बघा. चार पाकळ्या लालभडक असतात आणि पाचवी पांढरट, तांबड्या ठिपक्यारेघांची. मुलांना मात्र फुलापेक्षा कळी प्यारी. ती सोलायची आणि तिची दलं नखांवर चिकटवून हात नाचवायचे.

यातला बहावा इथलाच. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तिथून मॉरिशसमार्गे तो जगभर पसरला. बडोद्याचा उन्हाळा आज जसा दिसतो तसा तो आपोआप झालेला नाही. कुणीतरी तो मनावर घेऊन रुजवला.

विश्वामित्रीच्या काठी ही बाग उभी राहिली १८७९ साली. श्रेय सगळं महाराज सयाजीराव तिसरे यांना दिलं जातं, आणि पुढची साठ वर्षं त्यांनी जी माया लावली ती पाहता ते योग्यही आहे. पण सालांचा मेळ घातला की आणखी एक माणूस समोर येतो. मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलं, महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, तेच हे सयाजीराव. त्यांना पूर्ण अधिकार मिळाले डिसेंबर १८८१ मध्ये. म्हणजे बाग झाली तेव्हा महाराज सोळा वर्षांचे होते, शिकत होते, आणि कारभार दिवाण राजा सर टी. माधवराव यांच्या हाती होता. कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी कुळातले माधवराव आधी त्रावणकोरचे दिवाण होते, मग इंदूरचे, आणि तिथून बडोद्याला आले. नुकतंच सावरू लागलेलं संस्थान, आणि तरी राजवाड्याच्या भिंतीआड न ठेवता रयतेसाठी एवढी मोठी बाग केली जाते, प्राणिसंग्रहालयासकट. माझ्या मते कमाटीबागेच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. बागेचं नाव निघालं की माधवरावांचंही नाव निघावं, असं मला मनापासून वाटतं.

बागेतलं संग्रहालय १८९४ चं. त्याला जोडलेली चित्रशाळा पहिल्या महायुद्धामुळे रखडली आणि १९२१ मध्ये उघडली.

फुलांच्या दृष्टीनं महत्त्वाचं साल १८९२. त्या वर्षी शहराच्या पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या आजव्याच्या तलावाचं पाणी बडोद्याला मिळू लागलं. उन्हाळ्यात विश्वामित्रीची धार आटून बारीक होते; तिच्या भरवशावर हिरवळ राखणं कठीण. आजव्यानंतर वर्षभरातच, १८९३ मध्ये, उद्यानतज्ज्ञ गुस्ताव हर्मान क्रुंबिगेल बडोद्यात दाखल झाले. ही दोन सालं मला नेहमी शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. त्याआधी लंडनजवळच्या क्यू बागेत काम केलेले विल्यम गोल्डरिंग इथे येऊन गेले होते. लक्ष्मीविलास राजवाड्याभोवतीच्या बागेची आखणी त्यांची. क्रुंबिगेल जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळचे. तेही क्यूमध्येच तयार झालेले. बडोदा संस्थानच्या बागा त्यांनी पंधरा वर्षं सांभाळल्या. १९०८ मध्ये म्हैसूर दरबारानं त्यांना बंगळूरला बोलावलं, तिथे लालबाग त्यांच्या हाती आली. रस्त्यांवर झाडं अशी निवडून लावायची की एकाचा बहर ओसरेपर्यंत दुसऱ्याचा सुरू व्हावा, ही बंगळूरची ओळख त्यांच्याच नावावर आहे. बंगळूरची फुलं बघून हरखणाऱ्या आपल्या माणसांना मी आवर्जून सांगते की या गृहस्थांना हिंदुस्थानचं ऊन, इथली माती, इथला पाऊस पहिल्यांदा कळला तो बडोद्यात.

आता बागेच्याच आवारातल्या एका वडाबद्दल. या शहराचं जुनं नाव वटपद्रक, म्हणजे वडांचं गाव. तेव्हा वडाशिवाय इथला कुठलाच इतिहास पुरा होत नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात ते उतरले, पण जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना तिथूनही बाहेर काढलं. ओळखीच्यांकडे आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. ज्या संस्थाननं त्यांना शिकायला समुद्रापार पाठवलं, त्याच्या राजधानीत त्या दिवशी त्यांना टेकायला जागा होती ती फक्त या बागेत. बाग सगळ्यांसाठी आहे असं १८७९ मध्ये ठरवणाऱ्यांच्या मनात हे चित्र खचितच नसणार.

ते ज्या वडाखाली बसले असं मानलं जातं, त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात, कारण अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प त्यांनी इथेच केला असं मानतात. वैशाखात बहर बघायला गेलात तर परतण्याआधी तिथे जरूर थांबा. वडाला बघण्याजोगं फूल नसतं. त्याची फुलं फळाच्या आत दडलेली असतात. त्या संकल्पाच्या स्मरणार्थ दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथे लांबलांबून माणसं येतात. गुलमोहराचा बहर तेव्हा केव्हाच ओसरलेला असतो, बहाव्यावर हिरव्या शेंगा धरलेल्या असतात, आणि ही माणसं थेट वडाकडे चालत जातात.