रिकामी गाडी गर्दीच शोधेल

लक्ष्मी रोडवर साडी घ्यायची असली की आमच्याकडे ठरलेलं वाक्य असतं, "तू उतर, मी एक चक्कर मारून येतो." चौथ्या फेरीला माणूस वैतागतो आणि पी-वन-पी-टूची पाटी न बघता मिळेल तिथे गाडी लावतो. ड्रायव्हरच नसलेली गाडी वैतागणार नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

'स्वयंचलित गाड्या आल्या की पार्किंगचा प्रश्न मिटला' असं हल्ली ठासून सांगतात. गाडी तुम्हाला ऑफिसच्या दारात सोडेल आणि स्वतः कुठेतरी जाऊन थांबेल. हे 'कुठेतरी' म्हणजे नेमकं कुठे, याचा हिशेब सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ॲडम मिलर्ड-बॉल यांनी २०१९ साली मांडला. (हे सांताक्रूझ अमेरिकेतलं, पार्ल्याशेजारचं नव्हे.)

पार्किंगचे पैसे तासावर मोजतात, गाडी चालवण्याचा खर्च मुख्यतः किलोमीटरवर. ताशी ३० किलोमीटरने तासभर फिरलात तर ३० किलोमीटरची वीज आणि तेवढी झीज. ताशी ५ ने रेंगाळलात तर पाचाचीच. शिवाय हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे हळू जाण्यात तिथेही बचत. गाडीतले संगणक आणि सेन्सर उभ्या गाडीतही वीज खातात, म्हणून खर्च शून्यावर येत नाही, पण बराच खाली येतो. म्हणजे रिकाम्या गाडीला सगळ्यात स्वस्त रस्ता कोणता? सगळ्यात तुंबलेला! ती तिथे शिरली की तो आणखी तुंबतो आणि मागच्या रिकाम्या गाडीला आणखी स्वस्त पडतो. एरवी कोंडीला थोडा लगाम असतो, कारण आपल्याला वेळेची किंमत असते, आपण गल्लीबोळातून वाट काढतो किंवा उशिरा निघतो. रिकाम्या गाडीला कसली आलीय घाई? लगामाचाच चाबूक होतो.

मिलर्ड-बॉल यांच्या हिशेबात झीज-देखभाल धरूनही असं फिरणं तासाला साधारण ५० सेंटला पडतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवर्ती भागाचं प्रारूप संगणकावर चालवल्यावर अशा २,००० गाड्या वेग ताशी २ मैलांच्या, म्हणजे ३.२ किलोमीटरच्या खाली आणायला पुरल्या. आपण चालतो ताशी पाचाने.

हे झालं संगणकावरचं. माणसं कशी वागतील? २०१८ मध्ये त्याच महानगर परिसरातल्या १३ कुटुंबांना आठवडाभर फुकट ड्रायव्हर दिला, जणू गाडी स्वयंचलितच आहे. गाड्यांचं एकूण फिरणं ८३ टक्क्यांनी वाढलं, त्यातल्या काही फेऱ्या मालकाविना. कुटुंबं तेराच, म्हणून आकड्याला चिकटू नका, दिशा बघा. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणं आणि 'एआय बघून घेईल' म्हणणं यांत मला फारसा फरक दिसत नाही. लिंबू निदान सरबताला उपयोगी पडतं.

मग गाडी वाटून वापरावी? अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या धर्तीवर कल्पिलेल्या शहराच्या एका प्रारूपात सामायिक स्वयंचलित गाडी साधारण ११ खासगी गाड्यांचं काम करते, मात्र रिकाम्या फेऱ्यांमुळे एकूण अंतर १० टक्के वाढतं. पण ती टॅक्सीसारखी, कुणाचीच नसलेली गाडी. स्वतःच्या गाडीत मागे बाळाची सीट, ओली छत्री आणि कालचा डबा असतो, आणि नऊ वाजता ती सगळ्यांनाच हवी असते.

लंडनमध्ये २००३ पासून मध्यवर्ती भागात शिरायचा कर आहे, पण तो दिवसाचा. एकदा भरला की दिवसभर घिरट्या फुकट. किलोमीटरवर कर लावला तर रेंगाळणाऱ्या गाडीचं फावतं. तो रस्त्यावरच्या मिनिटांवर लावला, तरच तुंबलेला रस्ता रिकाम्या गाडीला महाग पडेल.