दोन ग्रे म्हणजे दोन ग्रेच

1996च्या ऑगस्टमध्ये कोस्टा रिकाची राजधानी सान होसे इथल्या सान हुआन दे दिओस रुग्णालयात कर्करुग्णांना किरणोपचार (रेडिओथेरपी) देणाऱ्या कोबाल्ट यंत्राचा जुना किरणस्रोत काढून नवा बसवला गेला. त्याची ताकद मोजताना यंत्रावर 0.3 मिनिट इतका वेळ लावला होता. 0.3 मिनिट म्हणजे 18 सेकंद. हिशेबात मात्र 30 सेकंद धरले गेले. त्यामुळे स्रोत होता त्यापेक्षा बराच दुबळा भासला आणि दुबळा आहे म्हणून प्रत्येक रुग्णाला जास्त वेळ यंत्राखाली ठेवलं गेलं. जेमतेम महिनाभरात 115 कर्करुग्णांना ठरल्यापेक्षा 50 ते 60 टक्के जास्त डोस गेला. अनेकांना गंभीर इजा झाल्या, काहींचा त्यातच जीव गेला.

यंत्रात बिघाड नव्हता. आकडे रोज नीट लिहिले जात होते, वेळा काटेकोर पाळल्या जात होत्या. चुकलं होतं ते सगळ्या हिशेबाच्या मुळाशी असलेलं एकच माप.

आपल्याकडे रेडिओथेरपीला अजूनही ‘शेक देणं’ म्हणतात. माझ्या मावशीला 25 शेक सांगितले होते. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर ती म्हणाली, “काहीच जाणवलं नाही गं, मशीन चालू तरी होतं ना?” तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की तो एक ग्रे. नेहमीच्या उपचारात रोज साधारण 2 ग्रे देतात. एवढ्या ऊर्जेने पाणी किती तापेल? एका अंशाच्या हजाराव्या भागाच्याही निम्मं! शेक म्हणतो खरा, पण अंगाला त्याची ऊब कळूच शकत नाही. पेशींमधला डीएनए मात्र तुटत असतो. कातडीवर त्याच्या खुणा उमटायला आठवडे जातात, आतल्या अवयवांवर दिसायला कधी महिने, कधी वर्षं.

डोस कमी पडला तर तेवढंही दिसत नाही. इंग्लंडमधल्या नॉर्थ स्टॅफर्डशरच्या रुग्णालयात 1982 ते 1991 अशी नऊ वर्षं सुमारे हजार रुग्णांना कमी डोस मिळत राहिला. यंत्र आणि रुग्ण यांच्यातल्या अंतरानुसार डोसच्या हिशेबात करायची दुरुस्ती संगणक स्वतःच करत होता आणि कर्मचारी तीच दुरुस्ती हाताने पुन्हा करत होते. नवी संगणकप्रणाली आली, दोन उत्तरं जुळेनात, तेव्हा कुठे हे उघड झालं. कातडी भाजली नाही, तक्रार कुणी करायची? कर्करोग उलटला तर दोष रोगालाच जातो.

म्हणून डोसमधली चूक 5 टक्क्यांच्या आत असावी, असं जगभर मानलं जातं. पण आपलीच पट्टी चुकली असेल तर त्याच पट्टीने पुन्हा पुन्हा मोजून काय उपयोग? वाण्याच्या तराजूवर सरकारी शिक्का लागतो तो त्यासाठीच. तपासणारा बाहेरचा हवा.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना हे काम 1969पासून टपालाने करत आल्या आहेत. व्हिएन्नाजवळच्या सायबर्सडॉर्फ गावात अणुऊर्जा संस्थेची डोसमापन प्रयोगशाळा आहे. तिथून रुग्णालयाला एक छोटं पाकीट येतं. आधी त्यात लिथियम फ्लोराइडच्या भुकटीच्या कुप्या असत, 2017पासून खास काचेच्या बारीक कांड्या असतात. रुग्णालयाने त्या पाण्याच्या टाकीत ठरलेल्या खोलीवर ठेवायच्या, रुग्णाला देतो तसे 2 ग्रे द्यायचे आणि परत पाठवायच्या. प्रयोगशाळेत काचेवर अतिनील लेझर सोडला की ती नारिंगी चमकते. जितका डोस, तितकी चमक. भुकटी तापवून वाचली की तिच्यातली नोंद पुसली जाई, काच मात्र पुन्हा पुन्हा वाचता येते.

फरक 5 टक्क्यांहून जास्त निघाला तर गाजावाजा होत नाही. निकाल गोपनीय राहतो, कारण शोधायला मदत मिळते, दुसरं पाकीट येतं. तरीही जमलं नाही तर तज्ज्ञ प्रत्यक्ष जातात. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण बदनामीची भीती असती तर निम्मी रुग्णालयं पाकीट मागवायलाच धजली नसती. सुरुवातीच्या काळात सुमारे निम्म्याच यंत्रांचे निकाल मर्यादेत बसत. आता 95 टक्क्यांहून जास्त बसतात.

प्रयोगशाळेच्या मापाची खात्री कोण देतं? पॅरिसजवळ सेव्हरला आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्था आहे, तिथल्या मूळ मानकांशी सायबर्सडॉर्फचं माप जुळवलेलं असतं. तिथून ते देशोदेशींच्या दुय्यम मानक प्रयोगशाळांकडे येतं. या प्रयोगशाळांचं जाळं 1976 साली उभं राहिलं. भारतातली प्रयोगशाळा मुंबईत आहे, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात. आपल्या रुग्णालयांतली डोस मोजायची उपकरणं तिथल्या मापाशी पडताळली जातात, आणि भारतातल्या रुग्णालयांना टपालाने तपासण्याचं कामही हे केंद्र करतं.

अर्थात पाकिटातून सगळंच पकडता येत नाही. यंत्राचं मूळ माप बरोबर आहे की नाही एवढं ते सांगतं. स्टॅफर्डशरसारखी उपचाराच्या नियोजनातली चूक त्यातून निसटू शकते. त्यासाठी आता माणसाच्या डोक्यामानेच्या आकाराचे पुतळे वापरतात. पुतळ्याचा सीटी स्कॅन काढायचा, खऱ्या रुग्णासारखं नियोजन करायचं, शेक द्यायचा आणि आत बसवलेल्या मापकांवर काय पोहोचलं ते बघायचं.

ही कामं बहुतेक दिवसाचे रुग्ण संपल्यावरच होतात. वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ टाकीत पाणी भरतो, मिलिमीटरचा हिशेब ठेवून कांडी खाली सोडतो आणि यंत्राला सांगतो, दोन ग्रे.