बँकेच्या ट्रस्ट विभागाकडचे जुने शेअर: नोंद कशी मिळवायची, अर्ज कुठे करायचा

कोल्हापुरातल्या अनेक जुन्या घरांत बँकेच्या ट्रस्ट विभागाची, म्हणजे कुटुंबांची मालमत्ता त्यांच्यासाठी सांभाळणाऱ्या विभागाची, पत्रं अजून जपलेली सापडतात. 'आपल्या ट्रस्टच्या खात्यात अमुक कंपनीचा लाभांश जमा केला आहे' असा मजकूर, खाली ट्रस्ट क्रमांक आणि शिक्का. घरचे लोक ते पत्र घेऊन कंपनीकडे लिहितात आणि उत्तर येतं की या नावाचे भागधारक आमच्याकडे नाहीत. तिथेच बहुतेकजण शोध सोडतात. ते उत्तर खरं असूनही शेअर असू शकतात.

याचं कारण कायद्यात आहे. कंपनी कायदा, 1956 च्या कलम 153 नुसार भागधारकांच्या नोंदवहीत ट्रस्टचा उल्लेख करता येत नसे. बँक ट्रस्टी असेल तर शेअर बँकेच्या किंवा तिच्या ट्रस्टी कंपनीच्या नावावर चढत. आजोबांचं नाव त्या वहीत येण्याची सोयच नव्हती. कोणत्या कंपनीचे किती शेअर कोणत्या कुटुंबासाठी धरले आहेत, याची नोंद बँकेच्या ट्रस्ट खतावणीतच असे. म्हणून आधी बँक, मग कंपनी, हा क्रम पाळा.

अर्ज करण्याआधी बँकेची भूमिका काय होती ते हातातल्या कागदांवरून ठरवा. बँकेनं शेअर सर्टिफिकेटं फक्त सुरक्षित ठेवीत सांभाळली असतील, तर शेअर आजोबांच्याच नावावर आहेत. मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) म्हणून बँकेलाच नेमलं असेल, तर मृत्युपत्राची प्रत लागते. ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्टचा दस्त, करून बँकेला ट्रस्टी (विश्वस्त) नेमलं असेल, तर पुढची सगळी माहिती तुमच्यासाठी आहे. एक खूण सांगतो: भारतीय न्यास (ट्रस्ट) अधिनियम, 1882 च्या कलम 20 मुळे खासगी ट्रस्टचा पैसा साधारणपणे सरकारी रोख्यांतच ठेवावा लागे. कंपन्यांचे शेअर दिसत असतील, तर तसा अधिकार डीडमध्ये दिलेला असणार किंवा मूळ मालकानं ते शेअरच ट्रस्टमध्ये घातले असणार. दोन्ही बाबतींत उत्तर डीडमध्ये आहे. ते घरात नसेल तर बँकेकडे पहिली मागणी त्याचीच करा.

बँकेकडे कोण मागू शकतो

डीडमध्ये नाव असलेला लाभार्थी (ज्याच्यासाठी ट्रस्ट केला तो), त्याचा कायदेशीर वारस, मृत्युपत्राचा व्यवस्थापक किंवा नंतर नेमलेला ट्रस्टी. न्यास अधिनियमाच्या कलम 19 नुसार ट्रस्टीनं हिशेब स्पष्ट आणि अचूक ठेवायचा असतो आणि लाभार्थ्यानं मागितल्यावर मालमत्तेची पूर्ण माहिती द्यायची असते. कलम 57 नुसार लाभार्थ्याला डीड, मालकीची कागदपत्रं, हिशेब आणि व्हाउचर पाहण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क आहे. अर्जात ही दोन्ही कलमं नावानिशी लिहा. 'माहिती मिळावी ही विनंती' एवढंच लिहिलेलं पत्र शाखेतल्या फायलीत पडून राहतं.

मजकूर साधारण असा ठेवा: 'अमुक क्रमांकाच्या ट्रस्टचा मी लाभार्थी / लाभार्थ्याचा वारस आहे. न्यास अधिनियम, 1882 ची कलमं 19 आणि 57 यांनुसार मला पुढील गोष्टींच्या प्रती मिळाव्यात: ट्रस्ट डीड, ट्रस्टच्या नावे धरलेल्या शेअरची यादी, फोलिओ (कंपनीच्या वहीतल्या खात्याचा क्रमांक) व सर्टिफिकेट क्रमांकांसह, लाभांशाच्या नोंदी, बोनस, हक्कभाग व विलीनीकरणात मिळालेले शेअर, आणि विक्री झाली असल्यास तिची तारीख व रक्कम.' सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मूळ लाभार्थ्याचा मृत्यू दाखला, नातं दाखवणारे कागद आणि घरातल्या जुन्या पत्राची झेरॉक्स जोडा. मूळ पत्र हातचं सोडू नका. शहरातल्या मृत्यूची नोंद महानगरपालिकेकडे मिळते, गावातली ग्रामपंचायतीकडे.

अर्ज शाहूपुरी किंवा लक्ष्मीपुरीतल्या शाखेत देऊन पोच घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. ट्रस्टचं काम बहुधा मुख्य कार्यालयातून चालत असे, तेव्हा एक प्रत स्पीड पोस्टानं तिकडेही पाठवा. बँकांना सामान्य कागद नियमानुसार 5 किंवा 8 वर्षंच जपावे लागतात. म्हणून 'रेकॉर्ड नष्ट झालं' असं उत्तर येऊ शकतं. ते तोंडी मान्य करू नका. केव्हा आणि कोणत्या आदेशानं नष्ट केलं, हे लेखी मागा.

राष्ट्रीयीकृत बँक असेल तर माहिती अधिकाराचा मार्गही खुला आहे. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. या कायद्याचं कलम 8(3) जुन्या रेकॉर्डसाठी फार उपयोगी आहे. 20 वर्षांपूर्वीच्या घटनांबद्दलची माहिती काही ठरावीक अपवाद सोडता द्यावी लागते, आणि विश्वासानं धरलेली माहिती किंवा व्यक्तिगत माहिती हे अपवाद तिथे लागू राहत नाहीत. उद्योगांचा इतिहास अभ्यासणाऱ्यांनीही या कलमाचा आधार घ्यावा. खासगी बँकांना मात्र हा कायदा थेट लागू होत नाही. तिथे न्यास अधिनियमच कामाचा.

कंपनीचं आजचं नाव

यादी हातात आली की त्यातली निम्मी नावं बाजारात नाहीत असं वाटेल. टेल्को 2003 मध्ये टाटा मोटर्स झाली, टिस्को 2005 मध्ये टाटा स्टील, हिंदुस्थान लीव्हर 2007 मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हर. आपल्या भागात बँकांचे शेअर बरेच सापडतात. 1943 साली कोल्हापुरात सुरू झालेली रत्नाकर बँक आज आरबीएल बँक आहे. सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली आणि 925 शेअरमागे आयसीआयसीआयचे 100 शेअर मिळाले. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 2006 मध्ये आयडीबीआयकडे गेली; तिथे भागधारकांना शेअरमागे 28 रुपये रोख ठरले होते, तेव्हा त्या सर्टिफिकेटावर आज शेअर मागता येत नाहीत.

कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या कंपनी निबंधकांच्या कक्षेत येतो. इथे नोंदलेल्या कंपनीची कागदपत्रं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून कोणालाही पाहता येतात. प्रमाणित प्रत हवी तर पानाला 25 रुपये. 2006 आधीचे कागद तिथे नसतील तर निबंधक कार्यालयात लेखी मागणी करावी. भागधारकांची नोंदवही कंपनीला कायमची जपावी लागते, हे लक्षात ठेवा. तिच्यात शोधायचं ते ट्रस्टी बँकेचं नाव.

अभ्यासकांसाठी थोडं: 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान विलीन होण्याआधीचे दरबारी कागद राज्य पुराभिलेख विभागाच्या कोल्हापूर कार्यालयात आहेत. ओळखपत्र आणि विद्यापीठाचं किंवा संस्थेचं पत्र घेऊन जा. बरंचसं दप्तर मोडी लिपीत आहे, वाचणारा सोबत असू द्या.

शेअर सरकारी निधीत गेले असतील तर

सलग 7 वर्षं लाभांश न उचललेले शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) जातात. ते परत मिळतात. निधीच्या संकेतस्थळावर शोधतानाही बँकेचं नाव आणि फोलिओ टाका. दावा बँकेनं ट्रस्टी म्हणून करणं सर्वांत सरळ. ती चालढकल करत असेल आणि सर्व लाभार्थी सज्ञान व एकमताचे असतील, तर न्यास अधिनियमाच्या कलम 56 नुसार मालमत्ता आपल्या नावे करून द्या, अशी मागणी करता येते. बँकेनं दाद दिली नाही तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता राहतो.

दाव्याआधी कंपनीकडून किंवा तिच्या रजिस्ट्रारकडून हक्कपत्र (एंटायटलमेंट लेटर) घ्यावं लागतं. मग आयईपीएफ-5 फॉर्म ऑनलाइन भरायचा. त्याला शुल्क नाही. फॉर्मची छापील प्रत, पोच, इंडेम्निटी बाँड (नुकसानभरपाईची हमी), आगाऊ पावती, आधार, रद्द केलेला चेक, डीमॅट खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद) आणि मूळ सर्टिफिकेटं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची. शेअर डीमॅटमध्येच जमा होतात, त्यामुळे ते खाते आधी उघडा. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो, म्हणून सगळे फोलिओ सापडल्याशिवाय फॉर्म पाठवू नका.

शेअर आजोबांच्याच नावावर निघाले तर वारसांच्या नावे करण्याची सोय आहे. कागदी शेअरची किंमत एका कंपनीत 5 लाखांपर्यंत असेल तर सोपी कागदपत्रं चालतात. किंमत त्याहून जास्त असेल तर वारस प्रमाणपत्र, प्रोबेट (मृत्युपत्रावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब) किंवा तत्सम आदेश लागतो. इथे कामं अडतात ती नावांवर. सर्टिफिकेटवर नुसती आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव, सातबाऱ्यावर तिसरंच आडनाव. 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून ठेवा.

लाभांशाचे पैसे बँकेच्या खात्यात 10 वर्षं पडून राहिले असतील तर ते रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर ट्रस्टच्या आणि आजोबांच्या, दोन्ही नावांनी शोध घ्या. पैशाची मागणी मात्र त्या बँकेकडेच करायची.