लहरणारं ड्रोन फुटेज: जेली कोणती, गिंबलची थरथर कोणती

नव्या ड्रोनचं फुटेज लहरतंय म्हणून बडोद्यातल्या एखाद्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलात, तर बहुतेक दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक, ‘गिंबल गेलाय’ (गिंबल म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी छोट्या मोटरींची यंत्रणा). दुसरं, ‘सेटिंग चेंज करी जुओ’. दोन्ही उत्तरं फुटेज न बघताच दिलेली असतात. लहरणं दोन तऱ्हेचं असतं. त्यांची कारणं वेगळी, इलाजही वेगळे. एकात गिंबल बिचारा शाबूत असतो. दुसऱ्यात कितीही सेटिंग बदला, काही फरक पडत नाही.

व्हिडिओ चालू असताना दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. म्हणून तो थांबवा आणि एकच फ्रेम बघा. तिच्यात काहीतरी सरळ उभं शोधा: विजेचा खांब, इमारतीची कड, गच्चीवरच्या टाकीचा पाइप. थांबलेल्या चित्रातही खांब नागमोडी दिसत असेल तर ती जेली. खांब सरळ आहे, पण पुढच्या फ्रेममध्ये अख्खं चित्र जरा डावीकडे गेलंय, त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये जरा तिरकं झालंय, असं असेल तर गिंबलची थरथर. फोनवर बोटाने हे नीट जमत नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर असेल तर ‘ई’ची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे नेता येते. ड्रोन झटकन वळवला तर खांब नुसता एका बाजूला कललेला दिसतो. तो दोष नव्हे, कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपचा, स्वभावच आहे.

तो स्वभाव समजला की जेलीचं कोडं सुटतं. छोट्या ड्रोनमधला सीमॉस सेन्सर सहसा अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. झेरॉक्स मशीनवर दिवा सरकत असताना कागद हलवला तर अक्षरं वाकडी उमटतात, तसंच इथे. समजा सगळ्या ओळी वाचायला २० मिलिसेकंद लागतात आणि पंखे मिनिटाला ६,००० फेरे घेतायत, म्हणजे सेकंदाला १००. एखादा पंखा असमतोल असेल तर दर फेऱ्याला एक हिसका. एक फ्रेम वाचून होईपर्यंत दोन हिसके बसले, आणि खांबाला दोन लाटा आल्या. कॅमेरा तेव्हा फार तर केसभर हलत असतो, पण वरची ओळ एका जागेवरून वाचलेली आणि मधली दुसऱ्या.

मग गिंबल हे का थांबवत नाही? कारण ते त्याचं कामच नाही. गिंबलच्या मोटरी सावकाश हालचाली पुसतात: वाऱ्याचा झोत, पुढे जाताना ड्रोनचं झुकणं, वळण. सेकंदाला शंभर हिसके त्यांच्या आवाक्याबाहेरचे. ते अडवायला गिंबल आणि ड्रोनच्या अंगामध्ये छोटे रबरी डँपर बसवलेले असतात. प्रवासात त्यातला एखादा खाचेतून निसटला, तर नव्या कोऱ्या ड्रोनचंही फुटेज जेली होतं. म्हणून जेली दिसली की आधी डँपर बघा, मग पंखे. पंख्याच्या कडेला नख फिरवून टवका उडालाय का ते पाहा. स्क्रू सैल नाही ना, घडीचं पातं पूर्ण उघडतंय ना, डाव्या फिरकीचा पंखा उजव्या फिरकीच्या मोटरवर बसवलेला नाही ना (अशाने ड्रोन बहुधा उडतच नाही, पण खोक्यातून काढताना हे होतं खरं), हेही बघून घ्या. सोबत आलेले जादा पंखे घालून पुन्हा उडवा. लाटा गेल्या तर प्रश्न मिटला. गिंबलला हातही लावायचा नाही.

गिंबल खरंच बिघडलेला असेल तर लक्षणं वेगळी. क्षितिज हळूहळू एका बाजूला कलतं आणि वळण घेतल्यावर सरळ होत नाही. किंवा वारा नसतानाही चित्राला मधूनच बारीक झटके बसतात. किंवा चालू करताक्षणी कॅमेरा थरथरतो आणि ॲपमध्ये गिंबलच्या मोटरवर ताण आल्याची सूचना येते. ही सूचना आली की घाबरण्याआधी प्लॅस्टिकची क्लिप काढली का ते बघा. कॅमेरा प्रवासात हलू नये म्हणून ती लावलेली असते आणि पहिल्या दिवशीच्या उत्साहात ती तशीच राहून जाते. क्लिप नसेल तर ड्रोन सपाट टेबलावर ठेवून ॲपमधून गिंबल कॅलिब्रेट करा. पलंगावर किंवा मांडीवर नको. त्यानेही फरक पडला नाही तर आतली रिबन केबल, मोटर किंवा वाकलेला आर्म यांपैकी काहीतरी आहे, आणि ते घरी दुरुस्त करायचं काम नाही.

दोन्हींत निवाडा करणारी चाचणी न उडवताही होते. पंखे काढा, ड्रोन चालू करा, पण उडण्याच्या मोटरी सुरू करू नका. ड्रोन हातात धरून सावकाश पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवा आणि रेकॉर्डिंग करा. कॅमेरा समतल राहिला, चित्र शांत राहिलं, तर गिंबल ठीक आहे आणि खोट मोटर-पंख्यांच्या बाजूला शोधायची. हातातच थरथरला, तर गिंबल.

बडोद्यात या चाचणीचं महत्त्व जरा जास्तच. विमानतळ हरणीला, शहराला अगदी लागून. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. दांडिया बाजारातल्या गच्चीवरून ‘जरा टेस्ट करून बघतो’ हे म्हणूनच चालत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं लायसन्स लागत नाही, पण झोनचं बंधन त्यालाही आहे. कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा बघा आणि शहराबाहेर जा. विश्वामित्रीचा काठही टाळा. पाण्यात पडलेला ड्रोन काढायला मगरींच्या नदीत कोण उतरणार? जानेवारीत उत्तरायणच्या, म्हणजे पतंगांच्या, दिवसांत तर मांजाच पंखे गुंडाळून टाकेल.

उजेडाचीही एक गंमत आहे. भर दुपारी कॅमेरा शटर १/२००० सेकंदापर्यंत नेतो. तेव्हा प्रत्येक ओळ धारदार उमटते आणि जेली ठळक दिसते. संध्याकाळी शटर १/५० वर आलं की त्याच लाटा अस्पष्टतेत विरतात. म्हणून ‘दुपारी खराब, संध्याकाळी चांगलं’ असं दिसलं तर ड्रोन सुधारला असं समजू नका. दुकानदार एनडी फिल्टर (उजेड कमी करून शटर सावकाश करणारी काळसर काच) गळ्यात मारतात ते याच जोरावर. फिल्टर चांगली वस्तू आहे, पण तो रोग झाकतो. शिवाय हलक्या गिंबलवर जड फिल्टर चढवला तर तोल बिघडून दुसरा आजार मागे लागतो. नव्या ड्रोनवर तर मी तो पहिल्या महिन्यात लावूच नये म्हणेन. दोष असेल तर तो आधी दिसू दे.

आणखी दोन गोष्टी यात उगाच गोवल्या जातात. फोनच्या स्क्रीनवरचं चित्र तुटत, अडखळत असेल तर तो सिग्नलचा मामला. मेमरी कार्डावरचं फुटेज बघितल्याशिवाय काही ठरवू नका. आणि गरब्याच्या रोषणाईत आडवे पट्टे सरकताना दिसले तर ते दिव्यांचं लुकलुकणं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात.

स्वस्त ड्रोनचं मात्र वेगळं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत फोरके आणि कोपऱ्यात ‘ईआयएस’ लिहिलं असेल, तर बहुधा आत गिंबलच नाही. स्टॅबिलायझेशन सॉफ्टवेअर करतं, फ्रेमच्या कडा कापून. त्याला सावकाश हेलकावे सावरता येतात, जेली नाही. उलट लाटांवर स्वतःच्या ओढाताणीची भर घालतं. तिथे दुरुस्तीच्या फंदात पडू नका, मुदतीत परत करा.

परत करताना एक पथ्य पाळा. स्क्रू उघडू नका, नाहीतर दोष तुमच्या माथी येतो. मूळ पंख्यांवरचं एक आणि जादा पंख्यांवरचं एक असं दहा-दहा सेकंदांचं फुटेज, थांबवलेल्या फ्रेमचा स्क्रीनशॉट, हातात धरून केलेल्या चाचणीचं रेकॉर्डिंग आणि बिल, एवढं तक्रारीसोबत द्या. बिल विशेष महत्त्वाचं. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे आडवाटेने आलेल्या मालाची वॉरंटी बऱ्याचदा तोंडीच असते. पक्कं बिल असून विक्रेता टोलवाटोलवी करत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्या वेळी ‘व्हिडिओ हलतो’ एवढंच न सांगता जेली की गिंबल हेही सांगा, म्हणजे सेटिंग बदलायचा सल्ला देऊन परत पाठवणं त्यांना अवघड जाईल.