मेमरी कार्डाचा खरा वेग मोजायचा कसा?

मेमरी कार्डावर ठळक अक्षरांत छापलेला ‘१०० एमबी/सेकंद’ हा आकडा बहुतेकदा वाचनाचा असतो, तोही ‘इतक्यापर्यंत’ या अर्थाने. लिहिण्याची हमी बारीक खुणांमध्ये असते. गोलातला १० किंवा ‘यू’ अक्षरातला १ म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट, ‘यू’मधला ३ किंवा व्ही३० म्हणजे किमान ३०. व्हिडिओ चित्रित करणाऱ्याने आधी या खुणाच पाहाव्यात.

पण हा वेग स्वतः पडताळायचा, तर मोठी फाइल कॉपी करून घड्याळ लावणं पुरेसं नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कॉपीचा मजकूर आधी रॅममध्ये साठतो आणि कार्डावर सवडीने उतरतो. स्क्रीनवर काम संपल्याचं दिसतं, तेव्हा अर्धी फाइल वाटेतच असू शकते. नुकतीच वाचलेली फाइल पुन्हा वाचली तर ती थेट रॅममधूनच येते आणि अचाट आकडा मिळतो. त्यात कार्डाचा वाटा शून्य!

म्हणून मोजणी खाली, ड्रायव्हरच्या म्हणजे कार्डाशी थेट बोलणाऱ्या प्रोग्रॅमच्या पातळीवर न्यावी लागते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, त्यासाठी ‘एमएमसी टेस्ट’ नावाचा खास ड्रायव्हर आहे. नेहमीच्या ड्रायव्हरकडून कार्ड सोडवून याच्या ताब्यात दिलं, की फाइलींची मांडणी सांभाळणारी फाइल सिस्टिम आणि रॅममधला साठा दोन्ही बाजूला पडतात. तो वेगवेगळ्या आकाराचे तुकडे थेट कार्डावर लिहितो, वाचतो, लागलेला वेळ नोंदवतो. मुळात तो कार्ड जोडणाऱ्या कंट्रोलरमधले दोष शोधण्यासाठी लिहिला गेला. चाचणीत कार्डावरचा मजकूर पुसला जातो, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेलं कार्ड त्याच्या हाती कधीच देऊ नये.

ड्रायव्हरच्या नोंदींत कार्ड कोणत्या गतीने जोडलं गेलं हेही कळतं. यूएचएस-१ या कार्डजोडणीच्या मानकातली सर्वात वेगवान पद्धत घ्या. मजकूर नेणाऱ्या चार तारा, २०८ मेगाहर्ट्झ, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला १०४ मेगाबाइट. जुना रीडर ५० मेगाहर्ट्झवरच थांबतो, म्हणजे जास्तीत जास्त २५. त्यात कितीही महागडं कार्ड घाला, आकडा त्यापुढे जाणार नाही. कित्येकदा दोष कार्डाचा नसून रीडरचा निघतो तो असा.

लिहिणं वाचण्यापेक्षा मंद असण्याचं कारण चिपमध्ये आहे. नँड फ्लॅश या कार्डातल्या चिपमध्ये लिहायचं पानापानाने, काही किलोबाइटच्या तुकड्यांत. पण पुसायचं मात्र शेकडो पानांच्या अख्ख्या ब्लॉकने. पाटीवरचा एक शब्द बदलण्यासाठी सगळी पाटी पुसून बाकीचा मजकूर पुन्हा लिहावा लागावा, तसं हे आहे. कार्डातला छोटा कंट्रोलर नवा मजकूर दुसऱ्या रिकाम्या पानावर लिहून ही पुसापुशी पुढे ढकलतो. मोकळे ब्लॉक संपत आले, की ती टाळता येत नाही आणि वेग घसरतो. चाचणी काही सेकंदांत आटोपली तर ही घसरण दिसतच नाही; मला तर तीच सर्वात महत्त्वाची वाटते.

फोनमध्ये किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कार्ड वापरायचं असेल, तर सलग वेगापेक्षा विखुरलेल्या छोट्या लेखनाचा वेग पाहावा. त्यासाठी ए१ ही खूण आहे. तिच्या अटीप्रमाणे ४ किलोबाइटची किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं सेकंदात व्हायला हवीत. ५०० लेखनं म्हणजे सेकंदाला जेमतेम २ मेगाबाइट, आणि ॲप उघडताना किंवा अपडेट होताना कार्डावर बहुतांशी असंच काम पडतं.