ग्लूवाइनला उकळी का येऊ द्यायची नाही

उकळल्याशिवाय चहा होत नाही, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. म्हणून जर्मनीतल्या माझ्या पहिल्या डिसेंबरात पाहुण्यांसाठी ग्लूवाइन करायला घेतली, तेव्हा मी चहाचाच रिवाज पाळला. पातेल्यात रेड वाइन ओतली, दालचिनी, लवंगा आणि संत्र्याच्या जाड चकत्या घातल्या आणि वीस मिनिटं खळखळून उकळलं. वास असा सुटला की वरच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात थांबून काय शिजतंय विचारून गेली. पेल्यात मात्र आंबट, तुरट, कडसर असं काहीतरी उतरलं. जिन्यात दरवळत होतं ते पेल्यात राहायला हवं होतं.

ग्लूवाइन म्हणजे मसाल्याची गरम वाइन. इंग्लंडात तिला मल्ड वाइन म्हणतात. स्वीडनची ती ग्लोग, त्यात वेलची असते आणि पेल्यात बेदाणे-बदाम. जर्मनीतल्या नाताळ बाजारांत, म्हणजे ड्रेस्डेनला १४३४ पासून भरत आलेल्या बाजारापासून गावोगावच्या चौकांपर्यंत, डिसेंबरभर हिच्या वाफा निघत असतात. सॅक्सनीत वाकरबार्ट नावाच्या सरदाराने १८३४ मध्ये लिहिलेली कृती प्रसिद्ध आहे. तिच्यात वाइन पांढरी आहे आणि सोबत केशर, बडीशेपेच्या जातीचं अनिस आणि डाळिंब. आज युरोपीय संघाचा नियम असा की ग्लूवाइन म्हणून विकायचं पेय लाल किंवा पांढऱ्या वाइनचंच हवं, मुख्य स्वाद दालचिनीचा किंवा लवंगेचा हवा, अल्कोहोल किमान ७ टक्के हवं आणि गोडी आणण्यापुरतं लागेल तेवढं सोडून वरून पाणी घालायचं नाही.

आता उकळीकडे येऊ. शुद्ध अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. त्यावरून पुष्कळजण समजतात की ७८ च्या खाली सगळं अल्कोहोल शाबूत राहतं आणि वर गेलं की उडून जातं. तसं होत नाही. १२ टक्क्यांच्या वाइनमध्ये पाणीच जास्त, म्हणून ती उकळते ९१ अंशांच्या आसपास. आणि उडून जायला उकळी लागतच नाही. दोरीवरचे कपडे कुठे उकळत असतात? तरी वाळतातच. फरक वेगाचा आहे. वाइन उकळू लागली की तिच्या वाफेत अल्कोहोलचा वाटा मूळ वाइनच्या कितीतरी पट असतो. दारूची भट्टी चालते ती याच गुणावर.

तरीही ते झटकन संपत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने शिजवलेल्या पदार्थांत अल्कोहोल किती उरतं याचा तक्ता केलेला आहे. मंद आचेवर १५ मिनिटांनी सुमारे ४० टक्के उरतं, अर्ध्या तासाने ३५ आणि तासाभरानेही २५ टक्के. पातेलं पसरट की उभट, झाकण आहे की नाही यावर आकडा बदलतो, पण ‘उकळलीय, आता त्यात काही नाही’ असं म्हणून मुलांना, गरोदर बाईला किंवा गाडी चालवणाऱ्याला पेला देऊ नये. त्यांच्यासाठी काळ्या द्राक्षांच्या रसात हेच मसाले घालून वेगळं पातेलं ठेवावं.

अल्कोहोलपेक्षा मला जास्त हळहळ वाटते ती सुगंधाची. लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड, चक्रीफुलातलं अ‍ॅनेथॉल, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, ही सगळी उडून जाणारी तेलं आहेत. पाण्यात ती जेमतेम विरघळतात, अल्कोहोलमध्ये सहज. आपल्या मसाला चहात हे काम दुधातली साय करते, वेलचीचं तेल धरून ठेवते. वाइनमध्ये ते काम अल्कोहोलचं. खळखळून उकळलं की धरून ठेवणाराही कमी होतो आणि प्रत्येक बुडबुडा थोडा सुगंध घेऊन वर जातो. जिन्यात गेला तो हाच.

म्हणून ७० ते ७५ अंश. थर्मामीटर नसला तरी पातेल्यात बघून कळतं. तळाशी राईएवढे बुडबुडे दिसू लागतात पण वर येऊन फुटत नाहीत, आणि पृष्ठभागावरून वाफेचे बारीक धागे निघतात. तिथेच आच अगदी बारीक करायची, झाकण ठेवायचं आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. उष्णतेने मसाल्यातलं तेल बाहेर येतं, त्याला वेळ लागतो, आच वाढवून तो वाचत नाही.

एका बाटलीला, म्हणजे ७५० मिलिलिटरला, बोटभर दालचिनीचे दोन तुकडे, पाच-सहा लवंगा आणि एक चक्रीफूल एवढं मला पुरेसं वाटतं. खडा मसालाच घ्यायचा. पूड घातली तर स्वाद भराभर उतरतो खरा, पण कडवटपणाही उतरतो आणि तळाशी गाळ बसतो. लवंग मोजूनच घाला. दात दुखला की आपण दाढेखाली लवंग धरतो ती युजेनॉल जीभ-हिरडी बधिर करतं म्हणून, आणि लवंगा जास्त झाल्या तर पेल्यातही तेच होतं. पाऊण तासाने मसाला गाळून काढावा.

दालचिनीच्या नावाने बाजारात दोन साली मिळतात. जाड, एकाच पन्हाळीसारखी वळलेली ती कॅशिया. पातळ पापुद्र्यांची, हाताने चुरगळणारी ती खरी दालचिनी, श्रीलंकेची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ हीसुद्धा या खऱ्या दालचिनीचीच जात. कॅशियात कुमारिन बरंच असतं, आणि ते सतत जास्त पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला त्रास होतो. युरोपात त्याची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरली आहे. सणाच्या एका पेल्याने काही बिघडत नाही, पण निवड हातात असेल तर मी पापुद्र्यांचीच घेते. तिचा वासही नाजूक असतो.

वाइन महाग नको, पण बिघडलेलीही नको. व्हिनेगरकडे झुकलेली वाइन मसाल्यात खपून जाईल असं वाटतं, आणि होतं उलटंच. गरम केल्यावर तोच आंबट वास आधी नाकात जातो. ओकच्या पिंपात मुरलेली, भरपूर टॅनिनची वाइनही टाळावी, गरम केल्यावर तिचा तुरटपणा जिभेवर चढतो. नाशिककडची साधी, फळांच्या चवीची लाल वाइन छान लागते. भांडं स्टीलचं घ्या. वाइन आम्लधर्मी असते, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ नको. ज्या कारणाने चिंचेची आमटी त्यात करत नाही, तेच कारण.

साखर शेवटी, आणि गरम वाइन चाखून. गोड चव मेंदूपर्यंत पोचवायला मदत करणारी एक प्रथिनाची वाट जिभेतल्या पेशींमध्ये असते, आणि साधारण १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान ऊब वाढेल तशी ती जास्त उघडते. थंड असताना बेताची वाटलेली साखर गरम झाल्यावर जास्त होते. पहिल्या घोटाला घशात जाणवणारी ऊबही निव्वळ तापमानाची नसते. भाजल्याची, तिखटाची जाणीव देणारे मज्जातंतूंतले ग्राहक एरवी ४२ अंशांच्या आसपास जागे होतात, अल्कोहोल असलं की ३४ च्या आसपासच. मग त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गाल तापतात. बर्फात उभं असताना ही ऊब फसवी आहे. त्वचा उबदार वाटते तेव्हा शरीर आतली उष्णता बाहेर सोडत असतं. टोपी-मफलर काढू नका.

राहिलं संत्रं. आता मी चकत्या घालत नाही. सालीखालचा पांढरा भाग कडू असतो आणि अर्ध्या तासात तो सगळा कडवटपणा वाइनमध्ये उतरतो. सालाणीने फक्त वरची केशरी साल काढते, पातळ, पलीकडचं दिसेल इतकी. वाइन पेल्यात ओतली की ती साल वर धरून दोन बोटांत दुमडते. दिव्याच्या उजेडात बघितलं तर तेलाचा बारीक फवारा उडताना दिसतो, आणि वाइनच्या पृष्ठभागावर त्याचे इवलेसे थेंब चकाकत पसरतात. साल पेल्यात सोडायची आणि लगेच हातात द्यायचा.